मागून भरायच्या तोफा असताना ब्रिटिश नौदल १८६०च्या दशकात पुन्हा तोंडाने भरायच्या तोफांकडे का वळलं?

नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा दगा देत होता म्हणून. आर्मस्ट्राँग या ब्रिटिश तोफ-कारखानदाराच्या ७ इंची तोफेत तो वरून बसवून स्क्रूने आवळायचा. १८६३ मध्ये जपानमधल्या कागोशिमावर मारा करताना अपघात झाले. मग वूलिच पद्धत आली: नळीत पीळदार खाचा, गोळ्यावर धातूच्या गुंड्या, त्या खाचांत बसवून गोळा तोंडातून आत ढकलायचा. स्वस्त आणि दणकट, यात वाद नाही. पण १८७९ मध्ये 'थंडरर' जहाजावर एका तोफेचा बार उडालाच नाही. शेजारच्या तोफेच्या दणक्यात ते कुणाला कळलं नाही आणि त्यावरच दुसरा भरला गेला. तोफ फुटली, ११ जण गेले. मागून भरताना पहिला बार दिसलाच असता! त्यानंतर नौदल परत मागून भरायच्या तोफांकडे वळलं. तरीही माल्टा आणि जिब्राल्टरला १०० टनी तोफा बसल्या, त्याही तोंडानेच भरायच्या.