पडण्याची भीती आणि एकटेपण

प्रश्न : गुहागरजवळच्या गावी एकटी राहणारी माझी ७६ वर्षांची आई पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पडली, तेव्हापासून तिने देवळात आणि शेजारी जाणेच सोडले आहे. काय करावे?

उत्तर : आईंना घरात जपून ठेवू नका. भीतीने हालचाल थांबली की पायांतले बळ व तोल कमी होऊन पडण्याचा धोका उलट वाढतो आणि माणसेही दुरावतात. जांभ्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ खरवडून कठडा बसवा. त्यांची नजर आणि झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास त्याही डॉक्टरांकडून तपासून घ्या. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले तोलाचे व्यायाम शेजारणीबरोबर ओटीवर केले, तर सोबतही मिळेल. रोजचा फोन हवाच, पण शेजारच्या माणसाची जागा तो घेत नाही, असे मला मनापासून वाटते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही निःशुल्क मदतवाहिनीही आहे. गणपतीला गावी जाल, तेव्हा त्यांच्यासोबत देवळापर्यंत सावकाश चालत जा.