शिक्का पुसाक मेळात?

चि.स अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुझा निरोप वाचला. त्या इवल्या पट्टीवर लिहिताना माझा अंगठा आखडतो, म्हणून हे कागदावर. कुडाळला कोणी निघालं की त्याच्या हाती देतो.

तू विचारतोस, "गुरुजी, ज्यांना लोकांनी निवडणुकीत एवढं आपटलं, त्या विरोधकांना डोकं ठिकाणावर असलेला माणूस परत निवडून देईल का?" प्रश्न विचारलास खरा, पण उत्तर तुला 'नाही' असंच ऐकायचंय. ते माझ्याकडून मिळणार नाही.

1977 च्या मार्चमध्ये मी नुकताच शाळेत लागलो होतो आणि पहिलीच निवडणूक ड्युटी आली. काम काय, तर मतपत्रिका हातात द्यायची आणि घडी कशी घालायची ते सांगायचं. आधी उभी, मग आडवी. नाहीतर शिक्क्याची ओली शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटते आणि मत बाद व्हायची भीती. दिवसभर तेवढंच बोलून माझा घसा बसला. तीन वर्षांच्या आत, 1980 च्या जानेवारीत, पुन्हा तेच केंद्र, तीच लोखंडी पेटी. दुपारी एक म्हातारी आली. मतपत्रिका हातात घेतली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "मास्तरांनू, मागल्या टायमाक मारलंलो शिक्को पुसाक मेळात?"

आम्ही सगळे हसलो. मी म्हटलं, "आजी, तो पुसता येत नाही. आज नवा मारा." ती आडोशाला गेली, बराच वेळ लावला, मग नीट उभी-आडवी घडी घालून पेटीत टाकली. कोणाला मत दिलं ते मला कळलं नाही आणि कळायला नकोच होतं. पण तिचा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. आधीचं मत दिल्याची तिला लाज नव्हती. ते मत फळलं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं.

त्या निवडणुकीत देशाने इंदिरा गांधींना 353 जागा देऊन परत आणलं. लोक आणीबाणी विसरले होते का? अरे, तीन वर्षांत कोण विसरतो! पण 1977 ला ज्या जनता पक्षवाल्यांना मोठ्या आशेने बसवलं, त्यांनी आपसात भांडून अडीच वर्षांत घर मोडलं. मोरारजी गेले, चरणसिंग आले, ते तर पंतप्रधान म्हणून लोकसभेला सामोरेही न जाता गेले. आणि त्याच निवडणुकीत आपल्या राजापूर मतदारसंघाने काय केलं? मधु दंडवत्यांनाच पुन्हा पाठवलं, जनता पक्षाच्या तिकिटावर. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या बसवल्या होत्या. आपल्याकडे तेव्हा रेल्वेच नव्हती, तो भाग वेगळा. दिल्लीतलं घर मोडलं म्हणून आपल्या माणसाला शिक्षा द्यायची नाही, एवढा विवेक इथल्या माणसांनी दाखवला. देशही शहाणा आणि राजापूरही शहाणं, असं मी मानतो.

पुढे 1991 मध्ये त्याच दंडवत्यांना इथेच पाडलं. कोकण रेल्वेचं काम तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. गाडी पूर्ण मार्गावर धावली ती 1998 च्या जानेवारीत. ज्याने ध्यास घेतला तो त्या वेळी खासदार नव्हता. मला वाईट वाटलं होतं, अजून वाटतं. तरी मतदाराला मी मूर्ख म्हणणार नाही. मूर्ख म्हटलं की आपलं विचार करणं थांबतं.

आता सत्तेत बसलेल्या तुझ्या पक्षाचं. भाषणात तुम्ही 'त्यांच्या काळात काय होतं' एवढंच उगाळता. 2024 ला ज्याने पहिलं मत दिलं तो पोरगा 2006 च्या आसपासचा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तेव्हा तो अंगणवाडीत नाहीतर पहिलीत होता. तेव्हापासून मुंबईत सरकारात आघाडी होती, युती झाली, महाविकास आघाडी आली, महायुती आली. त्याने बघितले ते खड्डे. त्याला 'त्यांचा काळ' आणि 'आमचा काळ' यातला फरक सांगायला गेलास तर तो मोबाईलमध्ये तोंड घालील, आणि बरोबरच करील. समंजस माणूस बहुतेक वेळा कोणाला परत आणायला निघत नाही, तो आत बसलेल्याला उठवायला निघतो. दुसरा येतो तो त्या ओघात. तेव्हा ते परत येतील की नाही, हे त्यांच्यापेक्षा तुमच्यावर जास्त अवलंबून आहे.

भाकरी फिरवायची असते, असं पुढारी म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. फिरवायची ती कच्च्या बाजूवर. करपलेली बाजूच पुन्हा तव्याला लावायची तर फिरवून काय मिळवलं? म्हणून उठवलेला पक्ष परत आणण्याआधी मी एक गोष्ट बघतो: हरल्यावर तो कुठे होता?

तौक्ते वादळ आठवतंय ना, 2021 च्या मे महिन्यातलं? खाडीकाठच्या वाडीतले पत्रे उडून माडांत अडकले होते. तेव्हा एक जण आला, जिल्हा परिषदेला 2017 मध्ये पडलेला. पक्ष सांगत नाही, तू लगेच तोंड वाकडं करशील. पंचनाम्याची यादी मागून घेतली, लुंगी गुडघ्यावर खोचली आणि घराघरात जाऊन ताडून पाहिली. सात घरं सुटली होती. त्यातली दोन विधवांची, एक माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं, जो बोटीवर होता. तलाठ्याला घेऊन पुन्हा आला आणि सातही नावं चढवून घेतली. 'विरोधी पक्ष' म्हणतात तो मी इतक्या जवळून तेव्हा एकदाच पाहिला.

त्याला परत निवडायला मी एका पायावर तयार होतो. पण 2022 ला जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. मतदार शहाणा की खुळा, हे ठरवायला आधी त्याच्या हातात मत तर द्यायला हवं! याबद्दल तुझ्या पक्षातलं कोणी चकार शब्द काढलेला मी तरी ऐकला नाही. त्यांच्याही.

आणि आपल्या कोकणात आणखी एक गंमत आहे, 'समोरचा पक्ष' नक्की कोणता तेच कळत नाही. लोकसभेला 2009 मध्ये काँग्रेस, 2014 आणि 2019 ला शिवसेना, 2024 मध्ये भाजप. पण माणसं बघशील तर बरीचशी तीच, उपरणी बदललेली. शिवसेना फुटली, धनुष्यबाण एकाकडे, मशाल दुसऱ्याकडे. शेजारच्या काकी म्हणतात, "आमी तेंका घालवलंव, ते मागच्या दारान परत इले." त्यांना तू 'विरोधकांना मत देऊ नका' असं सांगितलंस तर त्या विचारतील, "ह्या वर्साचे की त्या वर्साचे?"

एक करशील का? 1 ऑगस्टला पावसाळी मासेमारीबंदी उठते. त्या दिवशी पहाटे जेट्टीवर ये. छोट्या मच्छीमारांत बस, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांबद्दल ते काय बोलतात ते ऐक, मध्ये बोलू नकोस. त्यातल्या दोघा-तिघांचा डिझेल परतावा अडकलाय, कागद माझ्याकडे ठेवून गेलेत. तेही घेऊन जा, आणि कुठल्या टेबलावर पडलेत ते मला फोनवर कळव. उपरणं घालून येऊ नकोस, पाऊस असतो, रंग जातो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
गुरुजी