आधी भरतीची जाहिरात वाचा, मग फी भरा

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत आयटीआयमधले फिटर ट्रेडचे एक निवृत्त शिल्प निदेशक.)

प्रश्न : मुलगा यंदा दहावीला आहे. वायरिंगच्या कामाची त्याला आवड आहे. बसस्टँडजवळच्या एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा 'इलेक्ट्रिशियन डिप्लोमा' आहे. फी 40 हजार, निकालाआधी भरली तर 5 हजार सूट. 'शासनमान्य' असं बोर्डावर लिहिलंय. मिस्टर म्हणतात, भरून मोकळे होऊ. काय करावं?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, निकालाआधी सूट का, ते आधी बघा. निकाल लागला की आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या सुरू होतात आणि मुलाला सरकारी जागा मिळाली की संस्थेचं गिऱ्हाईक गेलं. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

आता 'शासनमान्य'. संस्थेची नोंदणी वेगळी आणि कोर्सची मान्यता वेगळी. नोंदणी तर भजनी मंडळाचीही होते. भिंतीवर आयएसओचा कागद फ्रेम करून लावला म्हणून आतलं प्रमाणपत्र नोकरीला चालतं असं नाही. तुम्ही एकच विचारा : "मुलाच्या हातात जो कागद येईल, त्यावर परीक्षा घेणारं मंडळ म्हणून कोणाचं नाव असेल?" उत्तर गोलगोल आलं, तर चहा पिऊन घरी या.

आणि एक काम आजच करा. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीची एखादी जुनी जाहिरात मोबाइलवर काढा आणि पगार सोडून थेट 'शैक्षणिक अर्हता' वाचा. तिथं बारावी मागतात आणि त्यासोबत इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेचं (एनसीव्हीटी) प्रमाणपत्र, नाहीतर राज्याच्या व्यवसाय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची पदविका. सहा महिन्यांचा डिप्लोमा त्यात कुठं बसतो, मला तरी दिसत नाही. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटचंही तसंच : दहावी आणि ठरलेल्या ट्रेडमधला आयटीआय. लोक आधी कोर्स करतात आणि मग त्याला नोकरी शोधत फिरतात. तुम्ही जाहिरातीपासून मागं या.

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा आहे आणि सरकारी आयटीआयची फी 40 हजारांच्या जवळपासही जात नाही. दोन वर्षं झाली की 1961 च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात उमेदवारी, करता येते. तिथं विद्यावेतन मिळतं आणि शेवटी वेगळी परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. वर सांगितलेल्या भरतीला बारावी लागते, म्हणून घाबरू नका. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना बारावीचे भाषा विषय राज्य मंडळाकडून देऊन समकक्षता घेता येते, म्हणजे ते बारावी पास धरले जातात. आयटीआयच्या ऑफिसात पहिल्याच वर्षी त्याचं विचारून ठेवा, कारण पोरं हे विसरतात आणि भरती निघाली की धावपळ करतात.

छोटे कोर्स टाकाऊ असतात असं मी म्हणत नाही. मुलाला गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकायचं असेल तर चार महिने शिकणंही पुरतं, कारण गिऱ्हाईक प्रमाणपत्र बघत नाही, मोटार चालते का ते बघतं. पण त्यासाठीसुद्धा 40 हजार? केंद्राच्या कौशल्य विकास योजनेतली कमी मुदतीची प्रशिक्षणं फुकट असतात. तालुक्यात एखादं केंद्र आहे का, चौकशी करा.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला इलेक्ट्रिशियन ट्रेड घ्यायचा आहे. आजोबा म्हणतात, आयटीआय नापासांसाठी असतं, सायन्स घे. आयटीआय केलं तर पुढं इंजिनिअर होता येणार नाही का?
– एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : बाळ, होता येतं. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश असतो आणि डिप्लोमानंतर तसाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात. मात्र एक अडचण स्पष्ट सांगतो. पॉलिटेक्निकला गेलं की गणित अंगावर येतं. आयटीआयच्या दोन वर्षांत त्याचा सराव सुटतो आणि हुशार मुलंसुद्धा तिथंच अडखळतात. अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं घरात ठेव आणि रविवारी उघडत जा.

आजोबांशी वाद घालू नकोस. त्यांना घेऊन गावातल्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जा, निदेशकांना विचारून अर्धा तास उभी राहा. इलेक्ट्रिशियनलाही सुरुवातीला फिटिंगचे जॉब असतात, ते बघ. लोखंडाची पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, कानस मारायची, मग कडेला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडाकडे धरायचं. मधून उजेडाची रेघ दिसली की परत कानस. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्याच पट्ट्या मध्ये फुगलेल्या निघतात, कारण कानस पुढं नेताना हात डुलतो. तळहाताला फोड येतात. हे बघून तुला कंटाळा आला तर सायन्स घे, त्यात कमीपणा नाही. स्वतःच कानस हातात घ्यावीशी वाटली, तर आजोबांना ते तुझ्या तोंडावर दिसेल.

मुलींसाठी जागा राखीव असतात, तेव्हा अर्ज भरताना विकल्पांचा क्रम नीट लाव. मैत्रिणीनं ड्रेसमेकिंग टाकलं म्हणून तूही ते पहिल्या नंबरवर टाकू नकोस.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. घरातले पंखे खोलून बसतो. आत्तापासून काही शिकवता येईल का?
– एक पालक, शिरूर

उत्तर : शिरूरचे आहात आणि मला विचारताय! तुमच्याच तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये तो सुरू केला. तिथून शाळांसाठी निघालेल्या 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' या विषयात वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असं सगळं पोरं आठवड्यातला एक दिवस हातानं करतात. नववी-दहावीला व्यवसाय विषय म्हणून जो 'मल्टी स्किल' शिकवतात, त्याचं मूळ तेच. तुमच्या शाळेत तो आहे का, मुख्याध्यापकांना विचारा. नसेल तर शाळेनं नववीसाठी मागणी करावी म्हणून चार पालक मिळून अर्ज द्या.

तोवर पंखे खोलू द्या, फक्त मेन स्विच बंद करून.