व्हेनिसच्या ४ रात्रींतून पादोवाला अर्धा दिवस काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मे महिन्यात इटलीला जाताय, व्हेनिसच्या ४ रात्री बुक आहेत, आर्ट आणि कल्चरची आवड आहे, कुणीतरी पादोवा सुचवलंय, तर ते अर्ध्या दिवसात उरकेल का, आणि सोबत नववीतला मुलगा आहे तो कंटाळेल का.

उरकेल हो, पण उरकू नका. व्हेनिसची एक रात्र कापा आणि ती पादोवाला द्या. का ते सांगते, जरा लांबेल.

आम्ही दोघं २०२३ च्या ऑक्टोबरात गेलो होतो, भाची तिथे मास्टर्स करत होती म्हणून. नाहीतर मलाही हे गाव म्हणजे ट्रेनच्या खिडकीतून दिसलेलं एक स्टेशन एवढंच माहीत असतं. इंग्रजीत पादुआ म्हणतात, तिथले लोक पादोवा. व्हेनिसहून साध्या रिजनल ट्रेनने अर्धा तास लागतो, तिकीट चार-पाच युरोच्या आसपास, आधी बुक करायची गरज नाही, फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये पंच करायचं विसरू नका, नाहीतर फाइन बसतो.

आता मुख्य गोष्ट, स्क्रोवेन्यी चॅपल, म्हणजे एक छोटं चर्च. चित्रकार जोत्तोने १३०३ ते १३०५ च्या दरम्यान रंगवलेलं. हे आधी बुक करा, विमानाच्या तिकिटाच्या पाठोपाठ करा म्हटलं तरी चालेल, आणि बाकीचा सगळा दिवस त्या स्लॉटच्या भोवती बसवा. एका वेळी २५च माणसं आत सोडतात. आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, तिथे एक फिल्म दाखवतात आणि तेवढ्यात तुमच्या अंगावरची धूळ, दमटपणा वगैरे आतल्या हवेला त्रास देणार नाही इतपत खाली येतो, मग एक दार उघडतं आणि आत मोजून पंधरा मिनिटं. दार घड्याळावर चालतं. आमचा ११ चा स्लॉट होता, नवऱ्याचं "अगं एक कॉफी, दोन मिनिटांत होतंय", त्या दोन मिनिटांची झाली वीस, आणि आम्ही पोचलो तेव्हा आमची बॅच आत गेलेली. कुणाला बोलणार, चूक आपलीच. पुन्हा पैसे भरून तिसऱ्या दिवसाचे दोन स्लॉट मिळाले ते आम्ही तिथे सहा दिवस होतो म्हणून, डे ट्रिपवाल्याचं काय झालं असतं!

पंधरा मिनिटं ऐकायला कमी वाटतात आणि असतातही. म्हणून आत काय आहे ते आधीच माहीत असू द्या. रेजिनाल्दो स्क्रोवेन्यी म्हणजे इथला बडा सावकार, व्याजाचा धंदा इतका बदनाम की कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला थेट नरकात बसवलंय, नाव न घेता, पण गळ्यातल्या पैशाच्या पिशवीवर डुकरिणीचं चित्र सांगून, आणि ते स्क्रोवेन्यी घराण्याचं चिन्ह, त्यामुळे वाचणाऱ्याला बरोब्बर कळावं. त्याचा मुलगा एनरिको, त्याने हे चॅपल बांधून घेतलं, बापाचं पाप धुवायला असं म्हणतात, थोडा स्वतःचा थाट दाखवायलाही असणार, कारण शेजारच्या मठातल्या साधूंनी १३०५ मध्ये चक्क तक्रार केली होती की हे जरा जास्तच भपकेबाज होतंय. शेजाऱ्यांची बांधकामावरून तक्रार, ७०० वर्षांपूर्वीसुद्धा!

आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं काही वाचू नका, फोन काढू नका, वर बघा. अख्खं छत निळं आणि त्यावर सोनेरी चांदण्या. मग भिंतींवर गोष्ट तीन ओळींत फिरते, वरच्या ओळीत मेरीच्या आईवडिलांपासून सुरू होऊन खाली येशूच्या शेवटापर्यंत. सगळं बघायला जाऊ नका, चार चित्रं गाठा. मेरीचे म्हातारे आईवडील शहराच्या दाराशी एकमेकांना भेटतात ते. येशूला पकडून देणारा शिष्य जुडास त्याला मिठी मारतो ते, त्यात जुडासच्या पिवळ्या झग्यात येशू जवळजवळ झाकला जातो आणि दोघांची नजर एकमेकांत अडकलेली असते. येशूच्या मृतदेहाभोवतीचा शोक, त्यात पुढे दोन बायका चक्क आपल्याकडे पाठ करून बसल्यात, तोंड दिसत नाही आणि तरी पाठीवरून कळतं की त्या रडतायत, मला तिथे पोटात कालवलं, वडील गेले तेव्हा आमच्या ओटीवर बायका अशाच बसल्या होत्या. आणि दाराच्या भिंतीवरचा अंतिम न्याय, त्यात खाली नरकात सावकार आपापल्या पैशाच्या पिशव्यांच्या दोरीनेच लटकलेत, आणि त्याच भिंतीवर एनरिको गुडघे टेकून चॅपलचं मॉडेल मेरीला अर्पण करतोय. पैसे दिले याने, आणि नरकातले सावकारही काढलेत याच्याच भिंतीवर.

वेळ उरला तर अगदी खालची राखाडी पट्टी बघा, सद्गुण एका बाजूला, दुर्गुण समोर. मत्सर म्हणून जी बाई काढलीय तिच्या तोंडातून साप निघतो आणि वळून तिच्याच डोळ्यांवर येतो. मुलाला हे नक्की आवडेल.

सावकारीचा विषय निघालाच आहे तर पालाझ्झो देल्ला राजोने. हे जुनं न्यायालय, वरचा हॉल ८० मीटरच्या आसपास लांब, मधे एकही खांब नाही, छत उलट्या ठेवलेल्या होडीसारखं. इथेही जोत्तोची चित्रं होती, १४२० च्या आगीत गेली, आता दिसतात ती नंतरची, राशी-नक्षत्रांची, आपल्याकडच्या पंचांगवाल्यांना तासभर पुरतील एवढी. हॉलमध्ये १४६६ चा एक प्रचंड लाकडी घोडा आहे आणि कोपऱ्यात एक काळा दगड. हा दगड गमतीचा. कर्ज फेडता न येणाऱ्याला पूर्वी थेट तुरुंग असायचा, १२३१ मध्ये संत अँथनीच्या सांगण्यावरून कायदा बदलला, मग तुरुंगाऐवजी अंगावर फक्त आतले कपडे ठेवून या दगडावर तीनदा बूड आपटायचं, सगळी मालमत्ता सोडली असं लोकांसमोर म्हणायचं आणि गाव सोडून जायचं. बेअब्रू होते पण माणूस सुटतो. खाली त्याच इमारतीत मार्केट आहे, चीज, मासे, मटण, शतकानुशतकं चालू, आणि दोन्ही बाजूंच्या चौकांत सकाळी भाजी-फळं. दुपारपर्यंत मार्केट उठतं आणि संध्याकाळी त्याच जागी पोरं ग्लास घेऊन उभी असतात. रात्र राहा म्हणते ते याच्यासाठी, दिवसाचं गाव आणि संध्याकाळचं गाव वेगळं आहे, आणि डे ट्रिपवाले सहाच्या ट्रेनने परत जातात.

तो संत अँथनी म्हणजे आपला वसई-गोव्याकडचा सांत अंतोन, गोव्यात शिवोलीचं मोठं चर्च त्याचंच. जन्म लिस्बनचा, पण गेला १२३१ मध्ये पादोवाजवळ आणि त्याची कबर इथल्या बासिलिकात. गावात नुसतं 'इल सान्तो' म्हणतात, नाव घ्यायची गरजच नाही. हरवलेली वस्तू शोधून देणारा संत. वसईच्या आमच्या शेजारीण काकूंनी निघताना बजावलं होतं, तिथे जाताय तर माझ्या नावाने कबरीला हात लाव. लावला. लोक मागून रांगेने येतात, संगमरवराला तळवा टेकतात, डोळे मिटतात, बाजूला लहान बाळांचे, अपघातातून वाचलेल्यांचे फोटो लावलेले. मी देवभोळी नाही पण तिथे घाई करवत नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, मे मध्ये ओढणी पर्समध्ये ठेवा. बाहेर चौकात शिल्पकार दोनातेल्लोचा घोडेस्वार आहे, गात्तामेलाता नावाच्या सेनापतीचा, रोमन काळानंतर एवढा मोठा ब्राँझचा घोडेस्वार इटलीत क्वचितच कुणी ओतला होता, पण लोक त्याच्याखाली बसून आइस्क्रीम खातात.

आता युनिव्हर्सिटी. १२२२ ची, बोलोन्याहून भांडून निघालेल्या विद्यार्थी-शिक्षकांनी काढलेली. मेन बिल्डिंगला 'बो' म्हणतात, म्हणजे बैल, आधी तिथे त्या नावाची खाणावळ-धर्मशाळा होती. गाइडेड टूर असते, तीच घ्या. १५९५ चं लाकडी अ‍ॅनाटॉमी थिएटर आहे, अंड्याच्या आकाराचं, एकावर एक सहा अरुंद कठडे, विद्यार्थी उभे राहून खाली प्रेताची चिरफाड बघायचे. गंमत अशी की तुम्हाला खालून बघायला मिळतं, म्हणजे टेबल होतं त्या बाजूने, मान वर करून. नवऱ्याचा चेहरा पडला होता. गॅलिलिओने इथे १५९२ ते १६१० अशी १८ वर्षं शिकवलं, त्याची म्हणून सांगतात ती लाकडी व्यासपीठासारखी खुर्ची आहे, आणि गुरूचे चंद्र त्याला १६१० च्या जानेवारीत दिसले ते पादोवातूनच. जिन्याजवळ एलेना कोर्नारो पिस्कोपियाचा पुतळा आहे, १६७८ मध्ये तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली बाई, जगात पहिली म्हणून तिचं नाव घेतात. तिला थिऑलॉजीची हवी होती, बिशपने दिली नाही.

आणि नशीब असेल तर रस्त्यात पदवीचा तमाशा दिसेल. डिग्री मिळालेल्या मुलाच्या डोक्यावर तेजपानांची माळ, अंगावर वेड्यासारखे कपडे, मित्रांनी त्याचं व्यंगचित्र आणि त्याच्या सगळ्या भानगडींची कविता एका मोठ्या कागदावर छापून भिंतीवर लावलेली, आणि ती त्यानेच मोठ्याने वाचायची, अडखळला की प्यायचं. मग एक गाणं म्हणतात, त्याचा अर्थ भाचीने मला सांगितला आणि मी इथे लिहू शकत नाही. नववीतल्या मुलाला कळणार नाही, काळजी नको.

बाकी पटापट. एरेमितानी चर्च चॅपलच्या शेजारीच आहे, तिथली चित्रकार मान्तेन्याची भित्तिचित्रं ११ मार्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात फुटली, तुकडे जोडून लावलीत, मधला भाग कोराच आहे, जाऊन बघाच. जोत्तोचं चॅपल तिथून शंभरेक पावलांवर, ते कसं वाचलं देव जाणे. कॅथीड्रलच्या बाजूची बाप्तिस्तेरी, म्हणजे बाप्तिस्मा द्यायची इमारत, ज्यूस्तो दे मेनाबुओईने रंगवलेली, मला चॅपलइतकीच आवडली आणि गर्दी निम्मी. बोटॅनिकल गार्डन १५४५ चं, आत १५८५ ला लावलेला ताडाच्या जातीचा पाम आहे, तासभर पुरे. पेद्रोक्की कॅफे १८३१ चं, पुदिन्याची क्रीमवाली कॉफी मिळते, एकदा ठीक. प्रातो देल्ला व्हाल्ले म्हणजे ७८ पुतळ्यांचा अवाढव्य चौक, संध्याकाळी जा, दुपारी सावली नाही. सोमवार टाळा, चॅपलशेजारचं म्युझियम बंद असतं.

व्हेजिटेरियन असाल तर मेन्यूवर 'काव्हाल्लो' दिसलं तर ते घोड्याचं मांस आणि 'आझिनो' म्हणजे गाढवाचं, दोन्ही इथले जुने पदार्थ, पास्त्यावर पण येतात, त्यामुळे ऑर्डरच्या आधी विचारा. आम्ही ट्रामेझ्झिनी (तिथली सँडविचेस), पिझ्झा आणि मार्केटमधल्या चीजवर आरामात काढलं. संध्याकाळी सगळ्यांच्या हातात ते नारिंगी ड्रिंक दिसेल, त्यातलं अपेरोल नावाचं मद्य १९१९ ला इथल्याच एका जत्रेत पहिल्यांदा आलं.

मुलाचं म्हणाल तर दुपारी अ‍ॅनाटॉमी थिएटर आणि लाकडी घोडा आधी दाखवा, चॅपल दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट भरलेलं असताना. आणि कॉफी नंतर.