टीटी घेऊन सव्वा वर्ष झालंय आणि पायात खिळा गेला, तर बूस्टर परत घ्यावा लागतो का?

तुम्ही लिहिलंय की चपलेतून गंजका खिळा आरपार टाचेत गेला. टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस, घेऊन सव्वा वर्ष झालंय, पण शेजारचे म्हणतात सहा महिने उलटले की परत घ्यावंच लागतं. आणि मागच्या वेळी दंड तीन दिवस सुजला होता म्हणून तुम्हाला नको वाटतंय.

दवाखान्यात आजच जा, पण इंजेक्शन घ्यायचंच असं आधी ठरवून जाऊ नका. लहानपणापासूनचे डोस पूर्ण झाले असतील, तर धनुर्वाताचा एक बूस्टर साध्या, स्वच्छ जखमेला दहा वर्षं पुरतो. खोल किंवा माती-शेण लागलेली जखम असेल तर पाच वर्षांचा हिशेब धरतात. त्यामुळे तुमचं सव्वा वर्ष काहीच नाही. सहा महिन्यांचा नियम आमच्याकडेही प्रत्येकाच्या तोंडी आहे, त्याला आधार नाही. उलट वरचेवर घेतल्यानेच दंड जास्त सुजतो, कारण रक्तात आधीच भरपूर प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) असतात आणि ती त्या जागी लशीवर तुटून पडतात.

मग दवाखान्यात कशाला, तर जखमेसाठी. खिळ्याची जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आत बोटभर गेलेली असते. धनुर्वाताच्या जंतूला हवा चालत नाही, अशी बंद जागाच त्याला सोयीची. चपलेच्या रबराचा तुकडा आत राहिला असेल तर तो काढायला हवा. घरी वाहत्या पाण्याखाली साबणाने पाय धुवा. हळद, चुना, माती काही भरू नका. शुगर असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा.

मी डॉक्टर नाही, कराडजवळच्या गावात शेती करतो. हे सगळं मला कळलं ते आमच्या आप्पांमुळे, माझ्या वडिलांमुळे, म्हणून त्यांची गोष्ट सांगतो. तुम्ही सव्वा वर्ष मोजताय. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते त्याच्याही आधीचं.

नोव्हेंबर २०२३. ऊस तुटून गेला होता आणि आप्पा अनवाणी रानात गेले. तोडलेल्या उसाचा बुडखा भाल्यासारखा असतो, तो तळपायात घुसला. घरी येऊन त्यांनी फडकं बांधलं आणि चहा घेतला. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, "लोखंड न्हाई लागलं. उसाला कसलं आलंय इंजेक्शन?" मलाही तेव्हा ते पटलं होतं. धनुर्वात गंजाने होतो असंच मी शाळेपासून धरून चाललो होतो. जंतू गंजात नसतो, मातीत आणि जनावरांच्या शेणात असतो, आणि त्याची बीजं तिथे वर्षानुवर्षं जिवंत राहतात. आमच्या रानात दरवर्षी शेणखत पडतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने हट्ट धरला तेव्हा ते निघाले. डॉक्टरांनी पाय बघता बघता विचारलं, "आप्पा, आजवर धनुर्वाताची किती इंजेक्शनं झालीत?" आप्पा म्हणाले, "एकबी न्हाई. कधी गरजच पडली न्हाई."

डॉक्टर थांबले. मग त्यांनी मला समजावलं ते असं. बूस्टर म्हणजे जुनी ओळख ताजी करून देणं. ज्याच्या शरीराला ओळखच नाही, त्याला एक इंजेक्शन देऊन भागत नाही. पहिल्या डोसाने नुसती तोंडओळख होते, खरं संरक्षण दुसऱ्या-तिसऱ्या डोसानंतर येतं. आणि जखम तर आत्ताच झालेली. म्हणून आप्पांना लस एका दंडात आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दुसरीकडे, अशी दोन्ही द्यावी लागली. ते दुसरं दवाखान्याच्या फ्रीजमध्ये नव्हतं. मी कराडच्या मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत घेऊन आलो. आप्पांना "घोड्याचं इंजेक्शन" ऐकून माहीत होतं आणि त्याचीच भीती होती. पूर्वी घोड्याच्या रक्तातला सीरम टोचायचे, त्याआधी टेस्ट डोस द्यायचे, अंगावर गांधी उठायच्या. आता माणसाच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं मिळतात हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी दंड पुढे केला.

त्या दिवसापासून मी आमच्या वयस्कर माणसांचा विचार करतो. आपल्याकडे लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला १९७८ साली. त्याआधी जन्मलेल्या बहुतेकांना लहानपणी काही मिळालेलं नाही. आईला निदान आमच्या वेळी गरोदरपणात नर्सबाईंनी टीटी दिलं होतं. आप्पांच्या वाट्याला तेही आलं नाही, आणि आयुष्यभर मातीत, शेणात, गोठ्यात हात घालणारे तेच. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे सगळ्या गावाने लस घेतली तरी त्याचा आप्पांना काडीचा उपयोग नव्हता. एकदा होऊन गेला तरी पुढे संरक्षण मिळत नाही. आधी जबडा आवळतो, आपण दातखीळ बसली म्हणतो ते, आणि मग पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. जखमेनंतर तीन दिवस ते तीन आठवडे केव्हाही सुरू होऊ शकतं, तोवर जखम भरूनही आलेली असते.

दुसरा डोस महिन्याने, डिसेंबरात झाला. तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी. मी कालनिर्णयवर पेनाने लिहायला गेलो तर जून त्या कॅलेंडरवर नव्हताच. नवं कॅलेंडर भिंतीवर आलं त्या दिवशी पहिल्यांदा तेच लिहिलं. तिसऱ्या डोसाला आप्पा स्वतः टोपी घालून तयार बसले होते. इंजेक्शननंतर कंपाउंडरने अर्धा तास बाकावर बसवून ठेवलं, कुणाकुणाला ॲलर्जी उठते ती याच वेळात उठते म्हणून. रात्री दंड ठणकला. गार पाण्याची पट्टी ठेवली, चोळलं नाही, दोन दिवसांत उतरलं.

तुम्हाला डॉक्टर टीटीऐवजी टीडी म्हणाले तर गोंधळू नका. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाची लसही थोड्या प्रमाणात असते, कारण तेही संरक्षण वयाबरोबर कमी होतं. सरकारी कार्यक्रमात आता दहाव्या आणि सोळाव्या वर्षी हीच देतात. माझ्या मुलीला दहाव्या वर्षी दिली.

तर आज जाताना तुमचं जुनं लसीकरणाचं कार्ड सापडतंय का बघा, नाहीतर आईला फोन करून विचारा. दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर झाला होता का, शाळेत टोचलं होतं का, एवढं तिला आठवेल. काहीच नोंद नसेल तर डॉक्टर डोस झालेच नाहीत असं धरून चालतील, आणि तेच बरोबर आहे. मग सव्वा वर्षापूर्वीचा तो एक डोस पुरेसा समजू नका. ते सांगतील तसं घ्या, दंड सुजला तरी. आणि घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांनाही सोबत घेऊन जा, पायात काही घुसायची वाट बघू नका.

आप्पांचा पुढचा बूस्टर जून २०३४ ला आहे. ते तेव्हा एक्क्याऐंशीचे असतील. तारीख माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि मुलीच्याही वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे.