बोर्ड तुला पाहत नाही, तुझे कागद पाहतं

ठाणे (पश्चिम)

प्रिय कॅप्टन,

तिसऱ्या स्टारचं अभिनंदन. तलावपाळीवर भेटणारे तुझ्या वडिलांचे मित्र आता विचारू लागतील, "कर्नल कधी?" त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. खरा हिशोब मात्र मी इथे मांडतो.

आतापर्यंतची बढती आणि पुढच्या दोन बढत्या मुख्यतः सेवेच्या वर्षांवर आहेत: 2 वर्षांनी कॅप्टन, 6 वर्षांनी मेजर, 13 वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. पार्ट बी आणि पार्ट डी या बढतीच्या परीक्षा वेळेत पास हो, म्हणजे इथे अडायचं कारण नाही. खरी चाळण त्यानंतर लागते. कर्नलसाठी निवड मंडळ, म्हणजे बोर्ड, क्रमांक 3, ब्रिगेडियरसाठी 2, मेजर जनरलसाठी 1 आणि लेफ्टनंट जनरलसाठी विशेष निवड मंडळ. मंडळ फक्त शिफारस करतं, मान्यता वरून येते.

या मंडळासमोर मुलाखत नसते. एमएस ब्रँच (मिलिटरी सेक्रेटरीची शाखा, जी अधिकाऱ्यांच्या बढत्या-बदल्या पाहते) प्रत्येकाचा एक डेटा शीट बनवते आणि त्यावर नाव-ओळख झाकलेली असते, बारावीच्या पेपरावर फक्त बैठक क्रमांक असतो तशी. 2009 पासून गुणपद्धती आहे. 100 पैकी 95 गुण रेकॉर्डवरून येतात, म्हणजे गोपनीय अहवाल, कोर्स, शौर्य-सेवा पदकं. मंडळाच्या स्वतःच्या मताला उरतात 5. 'वशिला लागतो' असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत. पण पाच गुण थोडे असंही समजू नकोस. कटऑफजवळ अर्ध्या गुणानेही माणूस राहतो.

म्हणून सगळं येऊन थांबतं सीआरवर, म्हणजे त्या गोपनीय अहवालावर. तो तीन हातांतून जातो: अहवाल लिहिणारा आयओ (इनिशिएटिंग ऑफिसर), त्याच्यावरचा आरओ (रिव्ह्यूइंग ऑफिसर) आणि त्याहून वरचा एसआरओ (सीनियर रिव्ह्यूइंग ऑफिसर). आकडे 1 ते 9. नऊ म्हणजे उत्कृष्ट, आठ-सात सरासरीपेक्षा वर. ऐकायला सात छान वाटतो, पण बोर्डात तुझ्या शेजारच्यांचे आठ-नऊ असतात आणि सगळी स्पर्धा त्या वरच्या दोन घरांतच चालते. सात हा नापासाचा शेरा नाही, पण तो सलग दोन-तीन अहवालांत आला तर भरून काढायला फार वर्षं जातात.

आयओने लिहिलेला भाग तुला दाखवून त्यावर सही घेतात. तिथे घाई करू नकोस. तीन गोष्टी तपास. कालावधीच्या तारखा बरोबर आहेत का? त्या आयओच्या हाताखाली तू प्रत्यक्ष 90 दिवस होतास का? रजा आणि कोर्सचे दिवस त्यात धरत नाहीत आणि तांत्रिक दोष असलेला अहवाल पुढे रद्द होऊ शकतो. तिसरं, शब्द आणि आकडे जुळतात का? वर्णनात 'अत्यंत विश्वासू' आणि विश्वासार्हतेच्या घरात सात, अशी विसंगती त्याच वेळी नम्रपणे दाखव. सही झाल्यावर तेच काम तक्रारीच्या वाटेने करावं लागतं.

सगळ्यात जड असतो क्रायटेरिया अहवाल, म्हणजे पुढच्या बढतीसाठी आवश्यक असलेल्या कमांडच्या काळातला सीआर. कर्नलच्या बोर्डासाठी मेजर असताना कंपनी कमांडचा, ब्रिगेडियरसाठी युनिट कमांडचा. बरेच हुशार अधिकारी इथे घसरतात: मुख्यालयातली सोयीची स्टाफ पोस्टिंग मिळते, ती लांबते, आणि कमांडला पुरेसा काळ उरत नाही. तेव्हा मेजर झालास की कंपनी आधी, मुख्यालय नंतर. वेलिंग्टनच्या स्टाफ कोर्सच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास त्याच धामधुमीत करावा लागतो, हे आत्ताच गृहीत धर.

जागा तुझ्या बॅचला आणि तुझ्या शाखेला वाटून येतात. कारगिलनंतर कमांडिंग ऑफिसरांचं वय खाली आणायचं ठरलं. इन्फंट्री-आर्टिलरीत कमांडचा काळ छोटा, म्हणून तिथे कर्नलच्या जागा जास्त फिरतात. सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे पुरवठा-साहित्य सांभाळणाऱ्या शाखांत, काळ मोठा, जागा कमी. याविरुद्धची लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 2016 मध्ये धोरण कायम राहिलं. तुझी शाखा वेगळी आहे, तेव्हा इन्फंट्रीतल्या मित्राशी तुलना करत बसू नकोस.

संधी तीन: पहिला विचार, पहिला रिव्ह्यू, शेवटचा रिव्ह्यू. रिव्ह्यूत निवड झाली तर ज्येष्ठता मागे सरकते. तिन्हीत राहिलास तरी घरी पाठवत नाहीत. 54 व्या वर्षापर्यंत नोकरी असते आणि सेवेच्या 26 वर्षांनी टाइम स्केल कर्नल, म्हणजे बोर्डाच्या निवडीशिवाय वर्षांवर मिळणारा हुद्दाही मिळतो. अन्याय झाला असं वाटलं तर आधी नॉन-स्टॅट्यूटरी (खात्यांतर्गत) तक्रार, मग आर्मी ॲक्टच्या कलम 27 खाली स्टॅट्यूटरी (कायद्याखालची) तक्रार, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे. पण न्यायाधिकरण तुझे गुण नव्याने देत बसत नाही, प्रक्रिया चुकली का एवढंच बघतं. नुसतं 'माझी योग्यता जास्त होती' असं लिहिलेले अर्ज पडतात. तारीख, नियम, विसंगती दाखवणारे टिकतात.

एक शेवटचं. निवड होऊनही वैद्यकीय श्रेणी खालावली असेल तर हुद्दा लावताना अडतं, आणि शिस्तीची कारवाई चालू असेल तर निकालच रोखून ठेवतात. गुडघा दुखतोय म्हणालास, तो दाखवून घे आणि त्याचे कागद जपून ठेव. प्रत्येक सीआरच्या तारखा, आयओचं नाव आणि हजर दिवस यांची एक वही आजपासून सुरू कर. रजेवर येशील तेव्हा ती घेऊन ये, पहिली दोन पानं मिळून तपासू.

तुझा,
काका