‘ह्याला उद्याची फिकीरच नाही’

मुलाला भविष्याची काळजी नाही, ही तक्रार माझ्याकडे येणारे बरेच पालक करतात. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून त्यांतील एका मुलाविषयी लिहिते. त्याच्या वडिलांचे कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचे वर्कशॉप आहे, आणि मुलगा डिप्लोमाला. “मॅडम, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उघडतो. ह्याला उद्याची फिकीरच नाही बघा,” असे वडिलांनी बसता बसताच सांगितले.

मुलाशी एकट्याने बोलल्यावर निराळेच निघाले. वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीन आणायचे, शिरोलीच्या कारखान्यांची कामे घ्यायची, कर्ज कसे फेडायचे, हे सारे त्याने उत्साहाने समजावून सांगितले. त्याला जड जात होता तो येणारा शुक्रवार. शुक्रवारचे सबमिशन सोमवारी त्याला खरे वाटतच नसे. गुरुवारी रात्री मात्र ते अंगावर येई आणि त्या धास्तीच्या जोरावर तो पहाटेपर्यंत लिहीत बसे. प्राथमिक शाळेपासून घरी आणि वर्गात दोन्हीकडे त्याची हीच तऱ्हा होती, असे आईकडून कळल्यावर मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकवणे आणि आवेग आवरणे जड जाते त्या विकाराच्या, निदानासाठी लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि ते निदान करणे हे माझे काम नव्हे. तेथे निदान पक्के झाले.

एवढी स्वप्ने पाहणाऱ्याला एक आठवडा का सांभाळता येत नाही, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. पुढचा हेतू मनात धरून आताचा मोह बाजूला सारण्यात मेंदूच्या कपाळामागील भागाचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी कमाल पातळीला पोचण्याचे मध्यक वय इतर मुलांत ७.५ वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांत १०.५ वर्षे होते, आणि हा उशीर कपाळामागील भागात सर्वांत ठळक होता. शिवाय उशिरा मिळणाऱ्या फळाचे मोल अशा मुलांच्या लेखी सरासरीने अधिक वेगाने घटते. म्हणूनच ‘भविष्याचा विचार कर’ हा उपदेश अशा घरांत सर्वाधिक ऐकू येतो आणि, माझ्या मते, सर्वांत कमी उपयोगी पडतो.

औषधांचे तज्ज्ञांनी पाहिले. आम्ही शुक्रवार सोमवारपर्यंत ओढून आणण्याच्या मागे लागलो. प्रयोगाचे लेखन त्याच संध्याकाळी, घरी जाण्यापूर्वी वर्कशॉपच्या टेबलावर करायचे आणि सरणारा वेळ दिसावा म्हणून समोर काट्यांचे घड्याळ ठेवायचे, असे ठरले. निकालानंतरच्या मोटारसायकलचे आमिष बाजूला ठेवून मुलाने लिहिलेले पान वडिलांनी तेव्हाच पाहायचे होते. “एवढ्या मोठ्या पोराचं पान बघत बसायचं?” असे म्हणत त्यांनी ते कुरकुरतच मान्य केले.

जर्नल आता बहुतेक वेळा वेळेवर जाते. परीक्षेचा अभ्यास मात्र या चौकटीत अजून बसलेला नाही, कारण रोज दाखवता येईल असे त्यातून काही हाती लागत नाही. सध्या आम्ही तो वाचलेल्या धड्यांऐवजी सोडवलेल्या गणितांवर मोजून पाहत आहोत.